नवीन डॅक घ्यावा का? (जुना अ‍ॅम्प + लॅपटॉप + टीव्ही)

ठाणेवेस्ट:
मंडळी, सल्ला हवाय. हॉल दहा बाय चौदा. बाबांच्या काळातला स्टिरिओ अ‍ॅम्प आहे, मागे फक्त आरसीए (लाल-पांढरी अ‍ॅनालॉग भोकं), डिजिटल इनपुट एकही नाही. बुकशेल्फ स्पीकर मात्र नवे. सध्या लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून अ‍ॅम्पला केबल टाकून ऐकतो आणि चार्जर लावला की मागे बारीक घूंऽऽ चालू, माउस हलवला की त्यात किरकिर. टीव्हीचा आवाज तर निव्वळ पत्र्याचा डबा. ऐकणं म्हणाल तर बहुतेक ख्याल आणि जुनी नाट्यगीतं. बारा-तेरा हजाराचा एक डॅक (डिजिटल आवाज आतल्या चिपने अ‍ॅनालॉग करून अ‍ॅम्पला देणारा डबा) बघून ठेवलाय, यूएसबी, ऑप्टिकल, कोअ‍ॅक्सिअल तिन्ही डिजिटल इनपुट आहेत, वर ३२ बिट ७६८ किलोहर्ट्झ असं छापलंय. घरून प्रश्न आलाय की अजून एक डबा कशाला. काय करू?

कानसेन:
डोळे झाकून घ्या. मी फोनचा साधा डाँगल (यूएसबीला लावून हेडफोनचं भोक देणारी छोटी वायर) वापरायचो, डॅक आणल्यावर त्याच फाइलमध्ये तानपुरा गळ्यामागून वेगळा सुटा ऐकू यायला लागला, किशोरीताईंच्या आलापीत श्वास कुठे घेतलाय ते कळतं. ज्याने ऐकलंच नाही तो म्हणणार फरक नसतो.

आकडेबाज:
@कानसेन दोन्हींचा व्हॉल्यूम मोजून सारखा केला होतात का? डाँगल साधारण १ व्होल्ट देतो, टेबलावरचा डॅक २ व्होल्ट. म्हणजे अ‍ॅम्पचं बटण न हलवता आवाज ६ डेसिबल वाढला, आणि मोठ्याने वाजलेलं कानाला नेहमी जास्त उघडं, जास्त स्वच्छ वाटतं. अर्धा डेसिबल फरक असला तरी कान फसतात, इथे तर सहा आहेत राव.

२००७ साली मेयर आणि मोरान यांनी हाय-रेझ (सीडीपेक्षा जास्त बिट-किलोहर्ट्झचं) रेकॉर्डिंग वाजवताना मध्येच सिग्नल १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झला, म्हणजे सीडीच्या दर्जाला, डिजिटल करून परत अ‍ॅनालॉग केला, आणि ऐकणाऱ्यांना विचारलं की ओळखा कधी केलाय. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा बरोबर. नाणं उडवलं असतं तरी एवढंच आलं असतं. १६ बिटला ९६ डेसिबलची रेंज मिळते, तुमच्या हॉलमध्ये पंखा चालू असताना त्यातली निम्मी तरी वापरून दाखवा. ७६८ चा आकडा डब्यावर छापायला छान आहे, बाकी काही नाही.

कानसेन:
अर्धंच सांगू नका. २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ राइस यांनी असे १८ प्रयोग एकत्र करून तपासले, त्यात सराव दिलेल्या श्रोत्यांना साठ टक्क्यांच्या आसपास बरोबर ओळखता आलंय. म्हणजे कान तयार असेल तर कळतं. आपल्याकडे लोक वीस वीस वर्षं गाणं ऐकतात, श्रुतीतला फरक पकडतात, त्यांना म्हणायचं की तुमचा भास आहे, हे कायच्या काय.

आकडेबाज:
त्याच पेपरात सगळे धरून आकडा ५२.३ टक्के आहे तोही लिहा की. आणि तो वाद हाय-रेझ विरुद्ध सीडीचा, एका बऱ्या डॅकपेक्षा दुसरा डॅक भारी असं त्यातून निघत नाही. शिवाय नाट्यगीतं ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून आलेली असतील तर खरखर गाण्याच्या थोडीच खाली बसलेली असते. तिथे कुठली चिप आणि काय. धागाकर्ते, हजारभराचा डाँगल घ्या, उरलेल्यात मैफिलीची तिकिटं काढा.

वायरमन:
दोघांचं भांडण वाचलं, पण त्या माणसाची घूंऽऽ कोणीच ऐकली नाही 😄

आधी हे करा: चार्जर काढून लॅपटॉप नुसत्या बॅटरीवर चालवा. घूं गेली तर तो ग्राउंड लूप, म्हणजे अ‍ॅम्प आणि लॅपटॉप दोन वाटांनी अर्थला जोडले गेल्याने तारेत फिरणारा नको तो प्रवाह. तसं असेल तर डाँगल घ्या नाहीतर तेरा हजाराचा डॅक घ्या, यूएसबीने जोडलात की घूं परत यायची शक्यता आहेच, कारण यूएसबी केबलमधूनसुद्धा ग्राउंडची तार जातेच. ऑप्टिकलमध्ये तांबंच नाही, नुसता प्रकाश, म्हणून लूप तिथे तुटतो. आणि कृपा करून कोणाचं ऐकून चार्जरची अर्थची पिन उडवू नका, ती जिवासाठी असते.

सोफ्याच्या_मागे:
स्पीकर ठेवलेत कुठे? टीव्ही युनिटच्या कप्प्यात कोंबलेत ना? ते बाहेर काढा, भिंतीपासून हातभर पुढे आणा, खिडकीच्या काचेला जाड पडदा लावा आणि टाइल्सवर सतरंजी टाका. ज्याला डॅकवाले 'डिटेल' म्हणतात त्यातलं बरंच टाळी वाजवल्यावर घुमणाऱ्या हॉलमध्ये मरतं. फुकटचं काम आहे पण त्याचं अनबॉक्सिंग करता येत नाही ना.

ठाणेवेस्ट:
@वायरमन बॅटरीवर घूं गेली, किरकिर पण गेली! @सोफ्याच्या_मागे कप्प्यातच आहेत, तुम्ही आमच्याकडे येऊन गेलात का? बाहेर काढायला परवानगी मिळणार नाही. आता टीव्हीचं काय?

वायरमन:
मग तुमच्या बाबतीत डॅक घ्याच, पण चिपसाठी नाही, ऑप्टिकलच्या भोकासाठी. लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला, टीव्हीतून ऑप्टिकल डॅकला, डॅकमधून आरसीए अ‍ॅम्पला. दोन्ही कामं एका डब्यात, घरच्यांना हेच सांगा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज पीसीएमवर (साधा स्टिरिओ डिजिटल) टाका, नाहीतर डॅककडे डॉल्बीचा सिग्नल जाईल आणि तो न कळून साधा डॅक गप्प बसेल. डॅकला वीज वेगळ्या फोन चार्जरने द्या, टीव्हीच्या यूएसबीतून दिलीत तर तोडलेला लूप परत जोडलात. आणि बऱ्याच टीव्हींचा रिमोट ऑप्टिकलचा आवाज कमी-जास्त करत नाही, तेव्हा रिमोटवाला डॅक बघा, नाहीतर प्रत्येक जाहिरातीला उठून अ‍ॅम्पचं बटण फिरवायला लागेल. हे सगळं पाच-सहा हजारात बसावं.

कानसेन:
टीव्हीमधून नेणार? बहुतेक टीव्ही ४४.१ किलोहर्ट्झचं ४८ करून टाकतात. ख्यालाची वाट लावा.

आकडेबाज:
पडद्यामागून ओळखलंत तर तुमच्या डॅकचे पैसे मी देतो.

कानसेन:
या पुण्याला. मिसळ तुमच्याकडून.

वायरमन:
@ठाणेवेस्ट ऑर्डर करायच्या आधी टीव्हीच्या मागे ऑप्टिकल आहे का ते बघून घ्या, हल्ली काही टीव्हींना देतच नाहीत.

ठाणेवेस्ट:
टीव्ही भिंतीला चिकटवलाय, मागे बोट जात नाही. रविवारी मेहुणे येतायत, दोघांनी मिळून उतरवतो आणि सांगतो.