मदत हवी आहे: पॅनिक अटॅक आणि अमिग्डाला, बाबांना कसं समजावू?

नमस्कार मंडळी. नागपूरहून लिहितेय. आईला सीताबर्डीच्या गर्दीत किंवा मेट्रोचं दार बंद झालं की एकदम धडधडतं, हात गार पडतात, श्वास कोंडतो. ईसीजी, थायरॉईड, हिमोग्लोबिन सगळं नॉर्मल. (सुरुवात मे महिन्यात झाली, म्हणून आधी उन्हालाच शिव्या घातल्या. इथल्या मेमध्ये कोणाला धडधडत नाही?) मानसोपचारतज्ज्ञांनी पॅनिक अटॅक सांगून गोळी सुरू केली आणि समुपदेशन सुचवलं. बोलताना ‘अमिग्डाला’ म्हणाले, पण बाहेर पेशंट खोळंबले होते, पुढे विचारायचं राहून गेलं.

वाचून इतकं कळलं: मेंदूच्या दोन्ही बाजूंना, कानशिलाच्या आत खोलवर, बदामाएवढा एकेक भाग असतो. धोका वाटला की तो मेंदूतल्याच हायपोथॅलॅमस या भागाला कळवतो, अ‍ॅड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते.

पण बाबांचा सवाल आहे, "तिले समजते ना काई होत नाई मनून, मंग घाबरते कायले?" आणि खरं सांगायचं तर मलाही उत्तर सुचत नाही.

दुसरं कोडं. एसएम नावानं ओळखल्या जाणाऱ्या एका अमेरिकन बाईंचे दोन्ही अमिग्डाला दुर्मीळ आजारानं निकामी झाले होते. साप, कोळी, कशाचीच भीती नाही. तरी २०१३ साली छापलेल्या प्रयोगात ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा हुंगवल्यावर त्यांना पॅनिक अटॅक आला! मग अमिग्डालाच दोषी कसा? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद:
ताई, तुमचं कोडंच बाबांचं उत्तर आहे. अमिग्डाला हे भीतीचं एकमेव केंद्र नाही. श्वास कोंडल्याची घबराट त्याच्याशिवायही उठते. आणि बाहेरच्या धोक्याची खबर थॅलॅमसकडून (डोळे-कानांची खबर पुढे पाठवणारा मेंदूचा भाग) अमिग्डालाकडे थेटही जाते, कॉर्टेक्समधून, म्हणजे मेंदूच्या विचार करणाऱ्या बाहेरच्या थरातून न जाता. आईंना "काही होणार नाही" हे कळेपर्यंत छाती धडधडायला लागलेली असते. त्यांना कळत नाही असं नाही, कळणं मागून येतं.

कपाळामागचा प्रीफ्रंटल भाग अमिग्डालाला आवरतो, पण नुसत्या समजावण्यानं ते जमत नाही, अनुभव लागतो. धडधडताच उतरून पळालं की "पळालो म्हणून वाचलो" हेच मेंदू शिकतो. थांबलं, धडधड आपोआप ओसरली, की नवी आठवण तयार होते. जुनी पुसत नाही, म्हणून मधूनच त्रास उलटतो. तेव्हा सगळं वाया गेलं समजू नका.

गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतात, मनानं बंद करू नका. अडलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ मोफत आहे, मराठीत बोलतात. मेट्रोचा सराव समुपदेशकांना विचारूनच करा: भर दुपारी, गर्दी नसताना, झिरो माईल ते सीताबर्डी एवढंच. सोबत बाबांना पाठवा, फक्त "घाबरते कायले" म्हणू नका म्हणावं.