लू-रोंग: हरणाच्या कोवळ्या शिंगाच्या चकत्या सासऱ्यांना द्याव्यात का?

गोदाकाठची_सून

नमस्कार मंडळी. आम्ही सिंगापूरला असतो. चिनी नववर्षाला ऑफिसातल्या एका बाईंनी माझ्या हातात लाल डबा ठेवला. "तुझ्या सासऱ्यांचे गुडघे दुखतात ना, त्यांना पाठव." आत लू-रोंग. हरणाचं लव असलेलं कोवळं शिंग वाळवून केलेल्या चकत्या. पापडाइतक्या पातळ, रुपयाएवढ्या, कडेला तपकिरी साल आणि मध्ये भोकंच भोकं. वास किंचित मच्छीबाजाराकडे झुकणारा. बाईंच्या घरी हे कोंबडीच्या सुपात लाल खजूर घालून तासन्‌तास शिजवतात.

व्हिडिओ कॉलवर मी डबा दाखवला आणि सासरे हरखलेच. वय 74, बीपीची गोळी चालू, ऑपरेशन टळावं म्हणून काहीही करायला तयार. बरं, दोघंही माळकरी. सासूबाई म्हणतात, "शिंग म्हणजे नखासारखंच की, त्यात मांस कुठलं?" मला उत्तर सुचेना. पुढच्या आठवड्यात दीर नाशिकला निघालेत, डबा त्यांच्या बॅगेत जायचाय.

द्यावं का? याने खरंच काही होतं का? आणि त्यासाठी हरणं मारतात का, हेही कुणाला ठाऊक असेल तर सांगा.

हान_नदीचा_पुणेकर

मी सोलला असतो. इथे याला नोक्योंग म्हणतात आणि त्याचं अप्रूप चीनपेक्षा तसूभरही कमी नाही. पण माझ्या ओळखीत कुणी सुट्या चकत्या आणून घरी प्रयोग करत नाही. पारंपरिक औषधाच्या डॉक्टरकडे जायचं, तो नाडी बघतो, मग जिन्सेंग वगैरेबरोबर काढा उकळून प्लास्टिकच्या छोट्या पाकिटांत भरून देतात. लहान मुलांनाही पाजतात. रशियाचा माल सगळ्यात मानाचा, न्यूझीलंडचा त्याखाली. आमच्या घरमालकीणबाईंनी नातवाला कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेआधी पाजलं. आजी म्हणते त्यामुळेच नंबर लागला, नातू म्हणतो क्लासमुळे.

साउथलंडचा_ढोरडॉक्टर

सूनबाई, मी जनावरांचा डॉक्टर. शिक्षण परभणीला, नोकरी न्यूझीलंडच्या साउथलंडमध्ये. ऑक्टोबर ते जानेवारी आमच्याकडे हेच चालतं, म्हणून शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो.

हरीण मारत नाहीत. नराची शिंगं दर वर्षी गळतात आणि नवी फुटतात. नवं शिंग म्हणजे वाढतं हाड. वर मखमली कातडी, आत रक्तवाहिन्या आणि नसा, भर हंगामात दिवसाला दोन सेंटिमीटरपर्यंत वाढ. हात लावला तर गरम लागतं. साधारण दोन महिन्यांनी, टणक व्हायच्या आत ते कापतात. नराला खोड्यात घ्यायचं, शिंगाच्या बुडाभोवती लिग्नोकेनची, म्हणजे बधिर करणाऱ्या औषधाची, इंजेक्शनं द्यायची, किमान चार मिनिटं थांबायचं, जाणीव गेली का ते तपासायचं, पट्टा आवळायचा आणि मग करवत. डॉक्टर किंवा त्याच्या देखरेखीखाली प्रमाणपत्र मिळवलेला शेतकरी, एवढ्यांनाच परवानगी. ब्रिटनमध्ये मात्र हे कायद्यानेच बंद आहे, आणि त्या लोकांचं म्हणणं मला काही चुकीचं वाटत नाही. भूल दिली तरी जिवंत अवयवच कापतो आपण.

कापलेलं शिंग आम्ही उलटं ठेवतो, कापलेलं तोंड वर. आतलं रक्त सांडलं की भाव पडतो. तसंच ते गोठवतात आणि बहुतेक माल चीन-कोरियाला जातो. तिकडे लव जाळून, गरम दारू मुरवून किंवा वाफ देऊन मऊ करतात आणि चकत्या पाडतात. तेव्हा सासूबाईंना सांगा, नख नाही हे, रक्तासकट हाड आहे. वर दारूचाही संबंध आला. माळेचा प्रश्न इथेच मिटला.

आता डबा. टोकाकडच्या चकत्या घट्ट, मेणचट, उजेडात धरल्या तर थोड्या आरपार दिसणाऱ्या. त्या सर्वांत महाग. बुडाकडे यावं तसं हाड वाढतं, भोकं मोठी होतात, किंमत उतरते. तुम्ही सांगताय त्यावरून तुमच्या चकत्या मधल्या नाहीतर बुडाच्या. बाईंनी मनापासून दिलंय, त्यांना हे बोलू नका.

खरी गंमत पुढेच आहे. चिनी वैद्यकात लू-रोंग कुणासाठी? ज्याचं अंग गार, हातपाय थंड, कंबर-गुडघ्यांत बळ नाही, म्हणजे त्यांच्या भाषेत ज्याचं 'यांग' खचलंय, त्याच्यासाठी. ली शिझेन या चिनी वैद्याने 1578 मध्ये पुऱ्या केलेल्या 'बेनचाओ गांगमू' या औषधांच्या ग्रंथात ते मज्जा भरणारं, हाडं बळकट करणारं म्हणून आलंय. मात्रा दिवसाला एक-दोन ग्रॅम पूड, तीही चिमटीपासून हळूहळू चढवत न्यायची. अंगात उष्णता असेल त्याला वर्ज्य. एकदम जास्त घेतलं तर गरगरतं, डोळे लाल होतात, नाकातून रक्त येतं, असं त्यांच्याकडेच शिकवतात. आता सासऱ्यांकडे बघा. बीपी आहे, त्यात नाशिकचा उन्हाळा तोंडावर. धड शिकलेला चिनी वैद्य असेल तर तोच डबा बंद करायला सांगेल. प्रयोगशाळेपर्यंत जायचीही गरज नाही.

तरी तेही सांगून टाकतो. 2012 मध्ये 'न्यूझीलंड मेडिकल जर्नल'मध्ये माणसांवरच्या चाचण्यांचा आढावा आला होता. बहुतेक चाचण्यांत फरकच नाही, एखाद-दुसरीत थोडा दिसला, तोही पटण्याजोगा नाही. माल विकणाऱ्या देशातल्याच नियतकालिकात हे छापून आलंय, एवढं लक्षात घ्या.

शिवाय दिरांची बॅग. भारतात हरणाच्या शिंगांच्या व्यापाराला वन्यजीव कायद्याने बंदी आहे. चकती न्यूझीलंडच्या पाळीव हरणाची की काश्मीरच्या हंगुलची, हे कस्टमवाल्याला नुसतं बघून कसं कळणार? उगाच लचांड कशाला.

जिममधला_बंड्या

काका, त्याचा फवारा मिळतो त्याचं काय? जिभेखाली मारायचा. त्यात आयजीएफ-1 हे वाढीचं हार्मोन असतं म्हणे, मसल झटपट वाढतात. आमच्या ठाण्यातल्या जिममध्ये एक जण मागवतो.

साउथलंडचा_ढोरडॉक्टर

बंड्या, आयजीएफ-1 हे प्रोटीन आहे. पोटात गेलं की डाळीतल्या प्रोटीनसारखंच पचून जातं, आणि फवाऱ्यात ते असतं किती हाही प्रश्नच. फिजीचा गोल्फपटू विजय सिंग ऐकला असशील. त्याने हा फवारा वापरल्याचं 2013 मध्ये स्वतःच सांगितलं आणि पीजीए टूरची, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फ स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेची, कारवाई ओढवून घेतली. पुढे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने फवाऱ्याचा वापर बंदीत धरत नाही असं कळवलं, तेव्हा टूरने माघार घेतली. मग त्यानेच टूरवर दावा लावला, तो 2018 पर्यंत चालून तडजोडीने मिटला. इतकी वर्षं कोर्टकचेरी, आणि ती ज्या फवाऱ्यापायी झाली त्याने खेळ सुधारतो हे कुणी दाखवलेलं नाही. त्या पैशांची अंडी खा.

सहाण_आणि_खल

मी साताऱ्यात आयुर्वेदाची प्रॅक्टिस करतो. कुणीतरी "आपल्याकडेही सांबरशिंग होतंच की" म्हणायच्या आधी लिहितो. आजीच्या बटव्यातलं सांबरशिंग सुंठेबरोबर सहाणेवर उगाळून, कोमट करून पोराच्या छातीला लावायचं, ते वरून. पोटात जातं ते शृंगभस्म. त्यासाठी पूर्ण वाढलेलं टणक शिंग घेतात, रुईच्या चिकाची भावना देऊन (चिकात घोटून) पुटं देतात, म्हणजे बंद भांड्यात पुन्हापुन्हा भाजतात, शेवटी राख उरते. उपयोग खोकल्यात, बरगड्यांच्या दुखण्यात. चिनी लोक कोवळं शिंग बळासाठी घेतात. दोन्हीत हरीण सोडलं तर काही सामाईक नाही, त्यामुळे एकाच्या भरवशावर दुसरं पोटात घालू नका. ढोरडॉक्टर, तुमचं बीपीबद्दलचं म्हणणं शंभर टक्के पटलं. सूनबाई, सासऱ्यांना मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि वजन कमी करणं, एवढं आधी नेटाने करू द्या.

गोदाकाठची_सून

सगळ्यांचे आभार. डबा दिरांच्या बॅगेतून काढला. सासूबाईंना रक्ताचं सांगितल्यावर त्यांनी "रामकृष्णहरी" म्हणून फोनच ठेवला, त्यामुळे सासऱ्यांना समजावायचं काम त्या परस्पर करतील. फिजिओची वेळ दिरांनी घेतलीय. आता नवरा म्हणतो, मला बीपी नाही आणि माळही नाही, मग मी सुपात घालून खाल्लं तर?

साउथलंडचा_ढोरडॉक्टर

घालू द्या दोन चकत्या. आधी नीट धुवा, कडेला जळकी लव चिकटलेली असते. आणि सिंगापूरच्या उकाड्यात रोज नको.