वाळवंटी हवेतून पाणी : नागपूरच्या उन्हाळ्यात या सच्छिद्र पदार्थांवर पैसा घालावा का?

नंदनवनकर (धागालेखक)

२०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमर याघी या तिघांना मिळालं. धातूचे अणू आणि सेंद्रिय रेणू जोडून केलेली सच्छिद्र जाळी, म्हणजे मॉफ, हे त्यांचं काम. यातले याघी जॉर्डनमधल्या अम्मानला, निर्वासित कुटुंबात वाढले. घरी पाणी यायचं ते आठवड्या-पंधरवड्यातून काही तास. पुढे त्यांनीच वाळवंटाच्या हवेतलं पाणी धरणारे पदार्थ केले.

माझं म्हणणं असं की याची चाचणी नागपुरात, ऐन मे महिन्यात व्हायला हवी आणि त्यासाठी सरकारने पैसा द्यायला हवा.

आपल्याकडे पारा ४५ वर आणि आर्द्रता १५ टक्के असते, तेव्हाही घनमीटरभर हवेत जवळपास १० ग्रॅम वाफ असते. हवेतून पाणी काढणाऱ्या नेहमीच्या यंत्राला ती हवा १२ अंशांपर्यंत गार करावी लागते, तेव्हा कुठे पहिला थेंब सुटतो. ते विजेचं बिल परवडणारं नाही. मॉफ-३०३ हा ॲल्युमिनियमचा पदार्थ मात्र तेवढ्याच कोरड्या हवेत वाफ धरायला लागतो, आपल्या वजनाच्या सुमारे ४० टक्के पाणी पोटात घेतो आणि उन्हाने तापला की सोडून देतो. सिलिका जेल कोरड्या हवेत फार कमी धरतं. झिओलाइट हे सच्छिद्र खनिज धरतं, पण मग लवकर सोडत नाही. त्याला फार तापवावं लागतं. या तिघांत नेमकं जमतं ते मॉफलाच.

शहराला हे पाणी पुरणार नाही, ते मला मान्यच आहे. माझ्या डोळ्यांसमोर यवतमाळ, चंद्रपूरची फ्लोराइडची गावं आहेत. तिथे हापशीला पाणी येतं, पण ते पिण्याजोगं नाही. माणशी तीन लिटर मिळालं तरी पुष्कळ.

धरमपेठी

आकडे मांडतो. २०२३ मध्ये याघींच्याच गटाने अमेरिकेत, डेथ व्हॅली वाळवंटासह, केलेल्या चाचण्यांचे निकाल छापले. फक्त उन्हावर चालणारं उपकरण, पदार्थ मॉफ-३०३. किलोमागे दिवसाला जास्तीत जास्त २८५ ग्रॅम पाणी. आता पाच माणसांचं घर धरा, १५ लिटर. म्हणजे पन्नास किलोहून जास्त मॉफ लागलं, तेही रोज उत्तम दिवस उजाडला तर. वरून काच, थंड होणारा पत्रा, साठवण, हे सगळं वेगळं. हा पदार्थ अजून किराणा दुकानाच्या भावात मिळत नाही.

दुसरं, ऊर्जेचं. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण पाऊण युनिट उष्णता लागते, मॉफमधून सोडवायला त्याहून थोडी जास्तच. मेच्या उन्हात चौरस मीटरवर दिवसाला सहा युनिटांच्या आसपास ऊन पडतं. एक थेंब वाया गेला नाही तरी आठच्या आत लिटर. प्रत्यक्षात त्याचा छोटा हिस्साच हाती येतो. आरओ यंत्र मचूळ पाण्याच्या हजार लिटरला दोन-तीन युनिटांत काम करतं. हजार लिटरला! मग हवेच्या मागे का लागायचं?

नंदनवनकर

तुम्ही सगळ्यात साध्या उपकरणाचा आकडा घेतला. २०१९ मध्ये मोहावी वाळवंटात त्याच मॉफ-३०३ ने किलोमागे दिवसाला ०.७ लिटर दिलं. तिथे पंखा होता, सौर पॅनेल होतं आणि पदार्थ दिवसातून अनेकदा भरून रिकामा केला जात होता. त्या हिशेबाने तुमच्या घराला एकवीस-बावीस किलो पुरतं. २०१७ च्या पहिल्या उपकरणापासून इथवर मजल आली आहे. अर्ध्या वाटेवरचा आकडा घेऊन दार लावून घेऊ नका.

आणि आरओ करा, जरूर करा. पण त्यातून बाहेर पडणारं फ्लोराइडचं दाट पाणी गावात नेमकं कुठे जातं, ते जाऊन पाहा. नालीत, आणि तिथून परत जमिनीत.

मामा_तलाव

राजेहो, इतक्या दूर काहून जाता? नागपुरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडते. हजार चौरस फुटांच्या छतावर नव्वद हजार लिटर उतरते अन् थेट गटारात जाते. भंडारा-गोंदियाकडे कोहळी लोकांनी बांधलेले माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव आहेत, त्यातले कितीक गाळाने भरले. तो गाळ काढाले पैसा नाही, अन् मॉफले पाहिजे?

२०१९ च्या जुलैत पेंचचं पाणी आटलं अन् शहरात एक दिवसाआड नळ आले. तवाही आपले कूलर सुरूच होते. कूलर म्हणजे पिण्याचं पाणी हवेत सोडणंच आहे ना भाऊ? टाकी दुपारपर्यंत रिकामी होते, आपण पाइप लावून पुन्हा भरतो. पयले ते वाचवा.

धरमपेठी

मामा तलावांबद्दल शंभर टक्के सहमत. बाहेरच्या लेआउटांत टँकर येतो तेव्हाची रांग पाहिली की हेच मनात येतं.

केळापूरची_लेक

माझं माहेर पांढरकवड्याकडचं. आमच्या गावात पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे असतात आणि म्हातारी माणसं गुडघे सरळ करू शकत नाहीत. पाण्यात फ्लोराइड लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की दातांचं सुरू होतं, हाडांचं त्याहून जास्त झालं की.

उपाय नव्हते असं नाही. पाण्यातलं फ्लोराइड काढायची नलगोंडा पद्धत तुमच्या नागपूरच्याच नीरी या संशोधन संस्थेने काढली. तुरटी आणि चुना घालायचा, ढवळायचं, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी काढून घ्यायचं. आमच्याकडेही त्याचा ड्रम आला होता. आई रोज सकाळी तुरटी मोजून घालायची. पुढे तुरटी यायची बंद झाली. ती कोणी द्यायची, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आता त्या ड्रमात कुटार भरलेलं असतं.

मामा_तलाव भाऊ, छताच्या पाण्याचं म्हणता, तर आमच्या वस्तीत छतं कवेलूची आहेत आणि उन्हाळाभर पुरेल एवढी टाकी कोणाकडे नाही. हवेतलं पाणी मला म्हणूनच पटतं. त्यात रोज काही घालावं लागत नाही, ऊन आहे तोवर चालतं. पण काच फुटली तर तालुक्याला कोण दुरुस्त करणार, ते आधी सांगा.

अंबाझरी_रसायन

रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून दोन गोष्टी. मॉफ-५ सारखी जुनी मॉफ दमट हवेतच मोडायची. मॉफ-३०३ आणि झिरकोनियमचं मॉफ-८०१ पाण्यात टिकतात, त्यामुळे ती भीती फारशी उरलेली नाही. मला काळजी धुळीची आहे. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख ज्या हवेत आहे, तिथे आत जाणारी हवा गाळावी लागेल आणि गाळणी बदलावी लागेल. शिवाय हे पाणी उर्ध्वपातित पाण्यासारखं असतं. रोज तेच प्यायचं तर थोडे क्षार मिसळावे लागतील. म्हणजे रोजचं नसलं तरी काहीतरी घालावं लागतंच, ताई.

धरमपेठी

केळापूरच्या ताईंचं वाचून मागणी बदलतो, विरोध सोडत नाही. गावांना आत्ता द्यायचं ते दुरून नळाने आणलेलं चांगलं पाणी, आणि ते पोचेपर्यंत टँकर. चाचणी हवी तर नागपुरात एका गच्चीवर, मे महिनाभर, राखेच्या हवेत करा. रोजचं पाणी चौरस मीटरमागे किती लिटर, एवढा एकच आकडा जाहीर करा. चार लिटरांच्या वर गेला तर गावातल्या पहिल्या उपकरणासाठी वर्गणी मी देईन.

केळापूरची_लेक

गच्ची नागपूरची घ्या, पण गाळणी बदलायचं काम त्या महिन्यात गावातल्या बाईकडून करून घ्या. तिला जमलं की नाही, तेही त्या आकड्यासोबत लिहा.