मरे नदीकाठाने एचुका ते रेनमार्क: साधी सेडान आणि सोबत आई-बाबा

प्रश्न: नदीकाठचा_प्रवासी

सप्टेंबरमध्ये आठ दिवस काढून मेलबर्नहून मरे नदीच्या काठाने एचुका, स्वान हिल, मिल्ड्युरा, वेंटवर्थ आणि पुढे रेनमार्कपर्यंत जायचं आहे. गाडी टू-व्हील ड्राइव्ह सेडान. सोबत पुण्याहून आलेले सत्तरीचे आई-बाबा, दोघं शाकाहारी. घाई अजिबात नको. मुक्काम कसे पाडावेत? मुंगो नॅशनल पार्क आणि डार्लिंग नदीवरचं मेनिंडी गाव यात बसवता येईल का? बाबांना गळ टाकून बसायचं आहे, त्याचं लायसन्स कुठलं लागतं?

उत्तर: मॅली_रोड

एचुका १, स्वान हिल १, मिल्ड्युरा ३, रेनमार्क १ आणि परतीच्या वाटेवर १, असे सात मुक्काम करा. मेलबर्न ते एचुका साधारण २२० किमी, तिथून स्वान हिल १५५, पुढे मिल्ड्युरा २२०, मग रेनमार्क १४५. सगळा रस्ता डांबरी आहे, सेडान आरामात जाते. परतीला मात्र जवळपास ७०० किमी पडतात. ते एका दमात नकोत.

एचुकाला सकाळी पोचलात तर दुपारी वाफेच्या चाकाच्या बोटीतून तासाभराची फेरी होते. तिथला रेड गम (निलगिरीचा एक प्रकार) या झाडाच्या लाकडाचा धक्का नीट बघा. तो इतका उंच आणि मजल्यांचा आहे, कारण धरणं होण्याआधी नदीची पातळी ऋतूप्रमाणे कित्येक मीटर वर-खाली व्हायची आणि बोटीत लोकर चढवायला प्रत्येक पातळीवर जागा लागायची. १८६६ सालची 'पीएस अ‍ॅडिलेड' ही बोट आजही तिथे चालते.

वेंटवर्थ मिल्ड्युरापासून ३० किमीवर, अर्ध्या दिवसाचं काम. संगमाशी मनोरा आहे. डार्लिंगचं गढूळ, दुधट पाणी आणि मरेचं गडद पाणी काही अंतर शेजारी शेजारी वाहताना वरून दिसतं. आई-बाबांना जिना जड वाटला तर काठावरूनही दिसतं.

मेनिंडी या खेपेला सोडा. वेंटवर्थहून एका बाजूचे अडीचशे किमी आहेत, निदान दोन रात्री हव्यात, आणि त्या मिल्ड्युरातून कापाव्या लागतील.

उत्तर: काळी_माती

मेनिंडी सोडायला माझं आणखी एक कारण: पाऊस. डार्लिंगच्या पूरमैदानातली माती आपल्या विदर्भातल्या कापसाच्या जमिनीसारखीच, पाणी पिऊन फुगणारी. थोड्याशा सरीनेही ती टायरला थापली जाते, चाक आणि मडगार्डमधली फट भरते आणि गाडी जागच्या जागी बसते. त्यात फोर-व्हील ड्राइव्हही अडकते. म्हणून तिथले कच्चे रस्ते पाऊस पडला की बंद करतात आणि बंद रस्त्यावर गाडी घातली तर मोठा दंड होतो. आभाळ स्वच्छ झालं म्हणजे रस्ता उघडला असं नाही, वाळायला दिवस जातात.

मुंगो मिल्ड्युरापासून सुमारे ११० किमी. स्वतः न जाता मिल्ड्युराहून निघणारी मार्गदर्शकासह दिवसाची सहल घ्या. 'वॉल्स ऑफ चायना'च्या मातीच्या कड्यांत आत फिरायला तसाही मार्गदर्शक लागतो, एकट्याने गेलात तर लाकडी फलाटावरूनच बघायचं. मुंगो हे सुकलेलं सरोवर सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीच्या मानवी अवशेषांमुळे महत्त्वाचं आहे आणि तिथल्या आदिवासी मार्गदर्शकाकडून ऐकणं यासारखं दुसरं काही नाही. स्वतःच जायचं ठरवलंत तर आधी रस्ता उघडा आहे का ते तपासा, टाकी भरून घ्या (पार्कात पेट्रोल नाही), माणशी किमान पाच लिटर पाणी ठेवा. भाड्याच्या गाडीचा विमा कच्च्या रस्त्यावर बहुधा चालत नाही.

उत्तर: गळ_आणि_दोरी

इथे बरेच जण फसतात. मरेच्या दक्षिण काठाच्या माथ्यापर्यंतचं पाणी न्यू साउथ वेल्स राज्याचं आहे. त्यामुळे व्हिक्टोरियाच्या बाजूला बसून मरेत गळ टाकला तरी लायसन्स न्यू साउथ वेल्सचंच हवं. ते ऑनलाइन मिळतं, तीन दिवसांचंही असतं. दक्षिण ऑस्ट्रेलियात, म्हणजे रेनमार्कला, गळासाठी लायसन्स लागत नाही.

मरे कॉड हा मासा न्यू साउथ वेल्सच्या पाण्यात १ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर धरायला बंदी असते, चुकून लागला तर लगेच पाण्यात सोडा. कार्प हा बाहेरून आलेला उपद्रवी मासा. व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलियात तो जिवंत परत सोडता येत नाही. दोघं शाकाहारी आहेत, तर बाबांशी याबद्दल आधीच बोलून घ्या.

बसायची जागा निवडताना वर बघा. रिव्हर रेड गमच्या फांद्या वारा नसतानाही अचानक तुटून पडतात. खुर्ची, चटई, तंबू, गाडी, काहीच त्यांच्या सावलीत नको.

उत्तर: रिव्हरलँडकर

मिल्ड्युराहून रेनमार्कला जाताना यांबाला तपासणी नाका आहे, चोवीस तास चालू. फळमाशीमुळे ताजी फळं आणि फळभाज्या पुढे नेता येत नाहीत आणि सापडल्या तर जागेवर दंड होतो. नाक्याआधी कचरापेटी असते, पण आदल्या दिवशीच संपवून टाकलेलं बरं. मिल्ड्युराला रस्त्याकडेला संत्री घेऊन तीच पुढे न्यायची, ही नेहमीची चूक.

घड्याळ अर्धा तास मागे घ्या, दक्षिण ऑस्ट्रेलियाची वेळ वेगळी आहे. रेनमार्कच्या पुढे लिरप आणि वायकेरीला नदी ओलांडायला तारेवर ओढली जाणारी फेरीबोट फुकट आहे, दिवसरात्र चालते. गाडी चढवल्यावर हँडब्रेक लावा, रात्री हेडलाइट बंद करून पार्किंग लाइट ठेवा.

नदीकाठचा_प्रवासी

हिरव्या मिरच्या, लिंबं, टोमॅटो सगळं डब्यात असतं आमच्या. त्याचं काय?

रिव्हरलँडकर

तिन्ही ताज्या असतील तर नाही. शिजवलेली भाजी, लोणचं, सुकी लाल मिरची चालते. मिल्ड्युराच्या शेवटच्या रात्री उरलेल्या टोमॅटोची चटणी करून घ्या, बाकीचं रेनमार्क किंवा जवळच्या बेरी गावातल्या सुपरमार्केटमध्ये मिळेल.

मॅली_रोड

एक राहिलं. सूर्यास्तानंतर आणि पहाटे गाडी चालवू नका, कांगारू त्याच वेळी रस्त्यावर येतात. सप्टेंबरात मिल्ड्युराला सव्वासहा-साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा पाचला मुक्कामी पोचायचं धरा. शाळांच्या सुट्ट्या महिन्याच्या उत्तरार्धात सुरू होतात, एचुकाची खोली आत्ताच घ्या.