शॉर्टस्टॉपलाच भाव का?

बेसबॉलच्या ड्राफ्टमध्ये (क्लब आळीपाळीने नवी पोरं निवडतात तेव्हा) फटकेबाजी सारखीच असेल तर शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) आणि फर्स्ट बेसमन (पहिला बेस सांभाळणारा) पोरांत फरक का करायचा, हा प्रश्न रास्त आहे. माझ्या मते फरक पडतो तो पुढच्या वाटांमुळे. शॉर्टस्टॉपला जमलं नाही तर तो सेकंड बेसवर, आउटफील्डमध्ये (बेसच्या मागच्या मोकळ्या मैदानात) कुठेही खपतो. शॉर्टस्टॉप फर्नांडो टाटिस ज्युनियर 2023 मध्ये राइट फील्डला (आउटफील्डच्या उजव्या बाजूला) गेला आणि तिथे गोल्ड ग्लव्ह (उत्तम क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार) घेऊन बसला! फर्स्ट बेसवाल्याला मात्र बॅट थंडावली की जायला जागाच नाही. 2020 च्या ड्राफ्टमध्ये डेट्रॉइटने पहिल्याच क्रमांकावर फर्स्ट बेसवाल्या टॉर्कल्सनला घेतलं, पण नाव पुकारलं थर्ड बेसमन म्हणून. (शेवटी खेळतोय फर्स्टलाच.) अर्थात हा हिशेब कधी पार चुकतोही; फर्स्ट बेसमन गोल्डश्मिट 2009 च्या ड्राफ्टमध्ये आठव्या फेरीपर्यंत पडून होता, 2022 ला एमव्हीपी (लीगमधला सर्वात मोलाचा खेळाडू) झाला.