मदत हवी आहे: ख्रिस्ती संस्थेमार्फत एका मुलाचा खर्च उचलायचाय, पण फोटो बघून मूल निवडायचं कसं?

मिरजकरीण:
नमस्कार मंडळी. धागा जरा लांबेल, सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात उपासनेनंतर चर्चच्या पटांगणात एका संस्थेचं टेबल लागलं होतं. गरीब घरातल्या मुलांना दत्तक-पालक मिळवून देणारी ख्रिस्ती संस्था. महिना बाराशे रुपये. त्यात शाळेचा खर्च, संध्याकाळचं जेवण आणि अभ्यासवर्ग, वर्षातून एकदा डॉक्टरांची तपासणी. टेबलावर प्लॅस्टिकच्या खिशांची जाड फाइल आणि प्रत्येक खिशात एका पोराचा फोटो. खाली नाव, वय, वडील काय करतात, आवडता रंग. माझ्या पुढच्या बाई साड्यांचा गठ्ठा चाळावा तशी फाइल चाळत होत्या. "ही बघ किती गोड आहे" म्हणाल्या आणि एक खिसा रिकामा झाला. माझी पाळी आली तेव्हा मी नुसता फॉर्म घेतला आणि घरी आले.

आता हे एवढं का लागलं ते सांगते. माझी आई अशाच पैशावर शिकली. सहा वर्षांची असताना वडील गेले. आजीने तिला आणि मावशीला मिशनच्या बोर्डिंगात आणून सोडलं. अमेरिकेतल्या कुणी बाई तिच्या नावाने पैसे पाठवायच्या. पुढे आई नर्स झाली, मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात तिने नोकरी केली आणि आम्हा दोघा भावंडांना शिकवलं. म्हणजे त्या पैशाचं काय झालं ते मी रोज घरात बघते. आता ती ७८ वर्षांची आहे.

पण त्या बाईंना पाठवायच्या पत्राची गोष्ट ती दर नाताळात सांगते. मेट्रनबाई फळ्यावर पत्र लिहायच्या आणि सगळ्या मुली ते वहीच्या कागदावर उतरवून काढायच्या. 'आपण पाठवलेल्या मदतीबद्दल प्रभू आपणांस आशीर्वादित करो, मी अभ्यासात प्रगती करीत आहे.' खाली फक्त नाव आपापलं. एका वर्षी आईने शेवटी स्वतःची एक ओळ घातली, की आमच्या शेळीला दोन पिल्लं झाली. मेट्रनबाईंनी तो कागद फाडला आणि दुसरा लिहायला लावला. आई म्हणते, "त्या बाईला शेळीचं आवडलं असतं गं."

तर माझ्या शंका अशा. संस्था खरी आहे हे कसं तपासायचं? (मागे आमच्या एका नातेवाइकांनी अशाच एका ठिकाणी चार वर्षं पैसे भरले आणि भेटायला गेले तर भलतंच मूल पुढे उभं केलं.) बाराशे रुपये खरंच त्या एका मुलावर खर्च होतात का? आणि माझा भाऊ न्यू जर्सीत असतो, त्याला निम्मे द्यायचेत. तो म्हणतो, तुझ्या खात्यावर टाकतो, तू भर. चालेल ना?

फाइलीतून मूल निवडायचं कसं, हा प्रश्न तुम्हाला खुळ्यासारखा वाटेल. तरी त्याचंही कुणी उत्तर दिलं तर बरं.

हळदीचं_पेव:
ताई, आधी भावाचं बोलू, कारण तिथेच लोक फसतात. भाऊ अजून भारतीय पासपोर्टवर आहे का अमेरिकन नागरिक झालाय? भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर तो परदेशी निधी धरत नाहीत. नागरिकत्व बदललं असेल तर धरतात, मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असलं तरी. अशा वेळी संस्थेकडे एफसीआरए (परदेशी निधी घेण्याबाबतचा कायदा) नोंदणी हवी आणि पैसे थेट संस्थेच्या दिल्लीच्या स्टेट बँक मुख्य शाखेतल्या खात्यातच जायला हवेत. २०२० च्या दुरुस्तीपासून सगळ्यांना तेच एक दार आहे. तुमच्या खात्यातून फिरवाफिरवी करू नका. उद्या काही झालं तर संस्था अडकेल.

संस्थेची पारख म्हणाल तर ट्रस्टचा नोंदणी क्रमांक मागा आणि सांगलीतल्या सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चौकशी करा. दरवर्षी हिशोब दाखल करावा लागतो, शेड्यूल ८ आणि ९ (ताळेबंद आणि उत्पन्न-खर्चाचा तक्ता). तो संस्थेकडेच मागा. जी संस्था हसतमुखाने काढून देते तिच्यात निम्मं काम झालं. "साहेब बाहेरगावी आहेत" असं तीनदा ऐकलंत तर चपला घाला.

पावती आयकर-वजावटीची (जिला ८०जी म्हणतात) घ्या. रोखीने दोन हजारांच्या वर दिलेत तर वजावट नाही, आणि नव्या करप्रणालीत असाल तर मुळातच नाही. १०बीई नावाचं प्रमाणपत्र वर्ष संपल्यावर संस्थेने द्यायचं असतं, ते मागून घ्या.

खणभाग:
ताई, राग मानू नका. पण मिशनरी संस्था म्हटलं की शिक्षणाच्या आडून धर्म येतोच. पैसे द्यायचेच तर सरळ जिल्हा परिषदेच्या शाळेला द्या की.

मिरजकरीण:
राग कसला? आम्ही चार पिढ्यांचे ख्रिस्ती, हे वाक्य बालवाडीपासून ऐकतेय. पण तुमच्या शंकेतून मला विचारायला एक प्रश्न मिळाला: मूल रविवारी चर्चला आलं नाही तर त्याचं जेवण थांबतं का? थांबत असेल तर मी पैसे देणार नाही, आणि हे मी ख्रिस्ती म्हणूनच सांगतेय.

माजी_कार्यकर्ता:
मी दहा वर्षं अशाच एका प्रकल्पात काम केलंय (संस्थेचं नाव विचारू नका), म्हणून आतली बाजू सांगतो.

मोठ्या संस्थांत दोन तऱ्हा असतात. काहींत तुमचे पैसे त्या मुलाच्या नावाने येतात पण सगळ्यांचे एकत्र होऊन केंद्र चालतं: शिक्षिकेचा पगार, जेवण, औषधं. मुलाच्या हातात रोख काहीच जात नाही. काहींत सगळ्या वस्तीचं काम होतं आणि तुमचं मूल त्या वस्तीचं प्रतिनिधी. दोन्हींत लबाडी नाही, पण फॉर्मवर बारीक अक्षरात असतं आणि वाचत कुणी नाही. तेव्हा "बाराशे एका मुलावर का केंद्रावर" हे सरळ विचारा.

याचा उपयोग होतो का? होतो. कंपॅशन इंटरनॅशनल या अमेरिकेतल्या ख्रिस्ती संस्थेच्या कामावर २०१३ साली अर्थशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात अभ्यास आला होता. सहा देश, त्यात भारतही, १०,१४४ माणसं. स्पॉन्सर मिळालेली मुलं साधारण एक ते दीड वर्ष जास्त शिकली असं निघालं. ऐकायला कमी वाटतं, पण नववीत शाळा सुटणं आणि दहावी पास होणं यात तेवढंच अंतर असतं.

आता कडू भाग. हीच कंपॅशन संस्था भारतात १९६८ पासून होती. २०१६ मध्ये तिच्या परदेशी पैशावर गृहमंत्रालयाच्या पूर्वपरवानगीची अट आली आणि मार्च २०१७ मध्ये तिने भारतातलं काम बंद केलं. तेव्हा जवळपास १ लाख ४५ हजार मुलं त्यांच्या कार्यक्रमात होती. कोण बरोबर, कोण चूक यात मी पडत नाही. पण तिकडच्या पालकाने तारखेला पैसे भरले तरी इकडच्या पोराचं ताट बंद होऊ शकतं, हे दिसलं. म्हणून संस्थेला हेही विचारा की इथल्या लोकांकडून किती पैसा येतो. तुमच्यासारखे मिरजेतले बाराशे रुपये मला डॉलरपेक्षा भरवशाचे वाटतात.

आणि आईंचं फळ्याचं पत्र वाचून हसू आलं, मग वाईट वाटलं. मीही लिहून घेतलीत तशी पत्रं. चाळीस मुलं, एक दुपार आणि दुसऱ्या दिवशी कुरियर.

जतची_बाई:
मी शिक्षिका आहे, आमच्याकडे निम्मा वर्ग दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो. मला एवढंच सांगायचंय की मूल घरात राहून मदत मिळते का वसतिगृहात नेतात, हे आधी बघा. बाप गेला म्हणून पोर आईपासून तोडायची गरज नसते. बहुतेक वेळा आईला महिन्याला थोडा हात दिला तर पोर घरीच शिकतं.

मुलं संस्थेत राहत असतील तर बाल न्याय अधिनियम २०१५ खालचं नोंदणी प्रमाणपत्र बघायला मागा.

दुसरं म्हणजे सरकारचीही मदत आहे आणि ती आयांपर्यंत पोचत नाही. बालसंगोपन योजनेत महिना २,२५० रुपये मिळतात. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे ४,०००. काम जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बाल कल्याण समितीकडून होतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी सात महिने हेलपाटे घालत होती. मयताचं नाव आधारवर एक आणि रेशनकार्डावर वेगळं, एवढंच कारण. अशा बाईबरोबर तहसीलला जाऊन बसणारा माणूस संस्थेकडे आहे का, ते विचारा. असेल तर ती संस्था कामाची.

खणभाग:
हे मात्र पटलं. आमच्या गल्लीत अशी एक केस आहे, अर्ज कुठे मिळतो?

जतची_बाई:
जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात. आणि मूल खरोखर अडचणीत असेल तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक फिरवा, दिवसरात्र चालू असतो.

मिरजकरीण:
सगळ्यांचे आभार. काल संस्थेच्या ऑफिसात जाऊन आले.

भाऊ तीन वर्षांपूर्वीच अमेरिकन नागरिक झालाय, त्यामुळे त्याचं प्रकरण तूर्त बाजूला. फुगलाय जरा. हिशोब मागितला तर तिथल्या दादांनी कपाटातून फाइल काढली, धूळ झटकली आणि समोर ठेवली. दोन वर्षांचे ताळेबंद होते, तिसरं ऑडिटरकडे. बाराशे केंद्रावर जातात, हे त्यांनी न अडखळता सांगितलं. मुलं घरीच राहतात, केंद्र संध्याकाळी चालतं. रविवारचा प्रश्न विचारला तर ते म्हणाले, "बाई, केंद्रात निम्मी मुलं आमच्या चर्चच्या मंडळीतली नाहीतच. त्यांना कोण अडवणार?" दाखल्यांसाठी हेलपाटे घालणारा माणूस मात्र त्यांच्याकडे नाही. मीच त्यांना म्हटलं, पुढच्या महिन्यापासून एक शनिवार मी देईन. बँकेत तीस वर्षं नोकरी केली, फॉर्म भरणं तेवढं येतं.

मग फाइल पुढे आली. म्हटलं, मला फोटो नको, ज्याला सगळ्यांत जास्त दिवस कुणी मिळालं नाही ते मूल द्या. त्यांनी फाइल मिटली आणि ड्रॉवरमधून दुसरी, पातळ फाइल काढली. त्यात सगळी बारा, तेरा, चौदा वर्षांची. "टेबलावर ही ठेवत नाही. लोक लहानच उचलतात." त्यातली वरची मुलगी माझ्याकडे आली. तेरा वर्षांची, सातवीत. नाव इथे लिहीत नाही.

एवढं सगळं घरी येऊन आईला सांगितलं. तिचा पहिला प्रश्न: "तिला मराठी वाचता येतं ना? मग पहिलं पत्र मी लिहिते." रात्री चष्मा लावून बसली, दोन पानं लिहिली, मला वाचू दिली नाहीत. मी फक्त एवढं सांगितलं की पाकीट चिकटवू नको, मुलांच्या सुरक्षिततेसाठी पत्रं ऑफिसात आधी वाचतात आणि मग देतात.

तर म्हणाली, "म्हणजे मेट्रनबाई अजून आहेतच."