मदत हवी आहे: घरी बर्न केलेली डीव्हीडी प्लेअरवर चालत नाही

आईवडिलांच्या लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटवरून उतरवून घेतलेले चित्रीकरण मी डीव्हीडीवर बर्न केले असून ती संगणकावर व्यवस्थित चालते. मात्र गावच्या घरातील प्लेअरमध्ये घातल्यावर काही वेळ घरघर होते आणि टीव्हीवर ‘नो डिस्क’ एवढेच उमटते. विकतच्या चित्रपटांच्या डीव्हीडी तो विनातक्रार वाचतो, त्यामुळे लेन्सवर धूळ असावी हे दुकानदाराचे निदान मला तितकेसे पटत नाही. अर्थात, बर्न केलेल्या डिस्कवरून प्रकाश छापील डिस्कपेक्षा कमी परावर्तित होतो, तेव्हा लेन्स थकली असण्याची शक्यता पूर्णपणे सोडताही येत नाही.

नुसती एमपी४ फाइल टाकण्याची चूक मी केलेली नाही: चित्रीकरण डीव्हीडी प्लेअरला लागते तशा स्वरूपात (एमपीईजी-२, पाल, ७२० × ५७६) असून प्लेअर शोधतो तो ‘व्हिडिओ_टीएस’ फोल्डर आहे आणि डिस्क फायनलाइझही केली आहे, म्हणजे इतर प्लेअरना वाचता यावी म्हणून शेवटी बंद केली आहे. डिस्क डीव्हीडी+आर प्रकारची, ४.७ जीबीची असून १६एक्स वेगाने बर्न केली होती.

बुक टाइप (डिस्क कोणत्या प्रकारची आहे हे प्लेअरला सांगणारी डिस्कवरची नोंद) बर्न करताना बदलून ‘डीव्हीडी-रॉम’, म्हणजे छापील डिस्कसारखी, केल्यास जुने प्लेअर अशी डिस्क स्वीकारतात, असा कोणाचा अनुभव आहे का? की सरळ डीव्हीडी-आर (‘+आर’हून वेगळ्या प्रकारची कोरी डिस्क) आणून ४एक्स वा ८एक्स वेगाने पुन्हा बर्न करावी? माझ्याकडे आता दोनच कोऱ्या डिस्क उरल्या आहेत.